पाठवायचे पैसे आणि कापले जाणारे पैसे

महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत खात्यातून पैसे जाण्याचे प्रसंग एकापाठोपाठ एक येतात. घरभाडे, सोसायटीचा मेंटेनन्स, लाइट बिल, इंटरनेट, मोबाइल, दूध, पेपर, घरकामाच्या मावशींचा पगार. पाइपच्या गॅसचे बिल दोन महिन्यांनी येते, पण ते येते तेही नेमके याच गर्दीत. हे बहुतेक पैसे आज एकाच फोनवरून जातात, म्हणून ते सारख्याच रीतीने जातात असा आपला समज होतो. प्रत्यक्षात त्यांच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. वाट बदलली की चूक दुरुस्त करण्याचा मार्ग बदलतो आणि पैसे दिल्याचा पुरावाही बदलतो. कोणता खर्च कोणत्या वाटेने द्यायचा हे एकदा विचार करून ठरवले, तर पुढची कितीतरी धावपळ टळते. ते कसे ठरवायचे ते इथे सावकाश पाहू.

सगळ्यात आधी एक भेद लक्षात घ्यायला हवा. काही पैसे आपण पाठवतो, काही आपल्या खात्यातून कापले जातात. रोख, एनईएफटी, आयएमपीएस आणि यूपीआय या पाठवण्याच्या वाटा आहेत: किती, कोणाला आणि कधी, हे तिन्ही आपण ठरवतो आणि आपण काही केले नाही तर काहीच घडत नाही. दुसऱ्या प्रकारात आपण एकदाच परवानगी देऊन ठेवतो आणि पुढे दर महिन्याला समोरची संस्था आपल्या बँकेकडे पैसे मागते. कर्जाचा हप्ता, एसआयपी, मोबाइलचे ऑटोपे हे सगळे या दुसऱ्या प्रकारातले. बँकेच्या भाषेत या परवानगीला मँडेट म्हणतात. चेक या दोहोंच्या मध्ये बसतो. सही आपली आणि रक्कमही आपण लिहिलेली, पण तो खात्यावर कधी येईल हे समोरच्याने तो बँकेत कधी टाकला यावर अवलंबून असते.

यावरून माझा साधा नियम असा: रक्कम दर महिन्याला तीच असेल आणि समोरची व्यक्ती ओळखीची असेल तर पैसे पाठवण्याचे काम बँकेवर सोपवावे. रक्कम बदलती असेल तर बिल डोळ्यांनी बघून मगच पाठवावे. कापून घेण्याची परवानगी मात्र फार थोड्यांना द्यावी, आणि कोणाला दिली आहे याची यादी जवळ ठेवावी.

भाड्यापासून सुरुवात करू, कारण रक्कम सगळ्यात मोठी तीच आणि वाद झालाच तर तोही तिथेच होतो.

आपल्याकडे शहरांतली बहुतेक घरे आता लिव्ह अँड लायसन्स करारावर, बहुधा अकरा महिन्यांसाठी दिली जातात. करारात 'दरमहा ५ तारखेपर्यंत' असे किंवा तत्सम वाक्य असते, पण पैसे कोणत्या रीतीने द्यायचे याचा उल्लेख कित्येकदा नसतो. तो करून घ्यावा. कोणत्या खात्यात पैसे भरायचे, तो खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड करारातच असू द्या. घर एकाच्या नावावर आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात, असा प्रकार नात्यागोत्यात सर्रास चालतो. उद्या मालकाने भाडे मिळालेच नाही असे म्हटले, तर त्याच्या मुलाच्या खात्यात भरलेले पैसे हेच भाडे होते हे सिद्ध करण्याचा भार भाडेकरूवर येतो. करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ या कायद्याने घरमालकावर टाकली आहे आणि घेतलेल्या रकमेची पावती देणे हेही त्याचेच कर्तव्य ठरवले आहे. म्हणजे पावती मागताना संकोच करण्याचे काही कारण नाही.

पुराव्याचे मोल मुंबईच्या जुन्या चाळींतल्या भाडेकरूंना जितके कळले होते तितके क्वचितच कोणाला कळले असेल. मालकाने खोली रिकामी करून घेण्यासाठी भाडे घ्यायचेच बंद केले, की भाडेकरू ते मनीऑर्डरने पाठवत. मालकाने ती परत केली की 'घेण्यास नकार' असा पोस्टाचा शेरा हाती येई, आणि थकबाकीच्या दाव्यात तो शेराच उपयोगी पडे. आज त्या शेऱ्याची जागा बँकेच्या स्टेटमेंटने घेतली आहे.

रोखीने भाडे देऊ नये असे मी म्हणेन. मालक वयस्कर असतील आणि त्यांना रोखच हवी असेल, तर दर वेळी सही केलेली पावती घ्या. ५,००० रुपयांवरील रोख पावतीवर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावण्याची पद्धत आहे. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट घेणाऱ्या नोकरदाराला तर पावत्या लागतातच. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेले, म्हणजे महिन्याला साधारण ८,३३३ रुपयांच्या पुढे, की मालकाचा पॅन क्रमांकही द्यावा लागतो. तो करार करतानाच मागून घ्यावा. मार्च महिन्यात मागितला की तो मिळायला फार वेळ लागतो.

चेकने भाडे देणाऱ्यांसाठी एक बदल महत्त्वाचा आहे. पूर्वी चेक टाकल्यापासून पैसे जाईपर्यंत एक-दोन दिवस मिळत, आणि त्या भरवशावर पगार जमा होण्याच्या आदल्या दिवशी चेक देणारे पुष्कळ होते. ऑक्टोबर २०२५ पासून बँका दिवसभर आलेले चेक स्कॅन करून लगोलग पुढे पाठवतात, त्यामुळे सकाळी भरलेला चेक त्याच दिवशी वटू शकतो. वर्षभराचे पुढच्या तारखांचे चेक एकदम देऊन ठेवण्याची रीतही अनेक घरमालक पाळतात. त्यात गैर काही नाही, पण प्रत्येक चेकचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा, कारण चेक न वटणे हा १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली गुन्हा ठरू शकतो. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने नोटीस द्यायची आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत आपण पैसे भरायचे, असा त्याचा क्रम आहे. त्या १५ दिवसांत पैसे भरले की प्रकरण तिथेच मिटते.

माझ्या मते भाड्यासाठी सगळ्यात चांगली वाट म्हणजे बँकेत देऊन ठेवलेली स्थायी सूचना. नेट बँकिंगमध्ये तिला स्टँडिंग इन्स्ट्रक्शन किंवा शेड्यूल्ड ट्रान्सफर म्हणतात. 'दर महिन्याच्या ३ तारखेला अमुक खात्यात २२,००० रुपये, अकरा महिने' एवढे एकदा भरले की काम झाले. इथे पैसे आपलीच बँक आपल्या सांगण्यावरून पाठवते. मालकाच्या हाती आपल्या खात्याची कोणतीही किल्ली जात नाही. मुदतही आपण घातलेली असते, म्हणून करार संपला की पैसे जाणेही थांबते. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालते आणि बचत खात्यातून ऑनलाइन केलेल्या एनईएफटीला बँका शुल्क लावत नाहीत. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी ती पुढे सरकते, त्यामुळे पैसे क्षणात पोचले नाहीत तरी घाबरू नये.

पहिल्यांदा खाते जोडताना मात्र लक्ष द्या. एनईएफटीत पैसे जमा होतात ते केवळ खाते क्रमांकावरून. नाव बरोबर आणि क्रमांकात एक आकडा चुकीचा असेल, तर पैसे दुसऱ्याच कोणाच्या खात्यात जाऊ शकतात. एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव तपासून बघण्याची सोय बँकांना द्यावी लागते. ती वापरा, आणि तरीही पहिल्या खेपेस एक रुपया पाठवून मालकांना फोन करा.

यूपीआयनेही भाडे देता येतेच, आणि बरेच जण देतात. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला दिवसाला एक लाखापर्यंत रक्कम जाते, तेव्हा बहुतेकांचे भाडे त्यात बसते. फक्त दोन अडचणी ध्यानात ठेवाव्यात. नव्या फोनवर यूपीआय चालू केले की पहिल्या २४ तासांत रकमेवर कडक मर्यादा असते, म्हणून भाड्याच्या तारखेला फोन बदलू नका. दुसरे असे, की पैसे पाठवताना खाली जी शेऱ्याची जागा असते तिथे 'भाडे, जून' एवढे दोन शब्द जरूर लिहा. मालकांशी तुमचे इतरही व्यवहार होतात: नळ दुरुस्तीचे पैसे, रंगकामाचा निम्मा वाटा. वर्षानंतर स्टेटमेंट उघडले की कोणते पैसे कशाचे, हे त्या दोन शब्दांवरून कळते. स्क्रीनशॉटवर फार विसंबू नये. तो कोणालाही बनवता येतो. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि बँकेचे स्टेटमेंट हाच खरा पुरावा.

भाडे मोठे असेल तर कराचा एक भाग भाडेकरूवरच येतो. महिन्याचे भाडे ५०,००० रुपयांहून अधिक असेल, तर साध्या नोकरदारालाही त्यातून २ टक्के कर कापून सरकारकडे भरावा लागतो. हा दर ऑक्टोबर २०२४ च्या आधी ५ टक्के होता. कपात वर्षातून एकदाच, आर्थिक वर्षाच्या किंवा भाड्याच्या शेवटच्या महिन्यात करायची असते आणि त्यासाठी वेगळा टॅन क्रमांक लागत नाही. पण पुण्या-मुंबईत एक वेगळाच प्रसंग वारंवार येतो: फ्लॅट ज्यांचा, ते अमेरिकेत किंवा दुबईत राहतात. मालक अनिवासी भारतीय असतील तर ५०,००० ची ही मर्यादा लागूच होत नाही. भाडे कितीही लहान असो, त्यातून ३० टक्के आणि वर सेस एवढा कर कापून भरायची जबाबदारी भाडेकरूवर येते, आणि तिथे टॅनही लागतो. पैसे मालकांच्या एनआरओ खात्यात जायला हवेत. करारावर सही करण्याआधी 'मालक सध्या कुठे राहतात' हा प्रश्न विचारला नाही, तर ही गोष्ट फार उशिरा, प्राप्तिकर खात्याच्या नोटिशीतून कळते. मालकांकडे कमी दराने कपात करण्याचे प्राप्तिकर खात्याचे प्रमाणपत्र असेल तर भार हलका होतो. ते मागून पाहावे.

क्रेडिट कार्डाने भाडे देण्याची टूम मधल्या काही वर्षांत फार वाढली होती. पगार उशिरा होणाऱ्यांना ती सोयीची वाटे आणि पॉइंट मिळत ते वेगळेच. हिशेब मात्र करून बघावा. २५,००० च्या भाड्यावर बँकेने १ टक्का शुल्क लावले तर २५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ४५ रुपये, म्हणजे महिन्याला २९५ आणि वर्षाला ३,५४०. अ‍ॅपचे शुल्क असले तर ते निराळे. आणि पुढच्या महिन्यात कार्डाचे बिल पुरते भरता आले नाही, तर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंट अ‍ॅग्रिगेटरांसाठी नवे नियम काढले, आणि ज्यांची व्यापारी म्हणून नोंद नाही अशा घरमालकांपर्यंत कार्डाचे पैसे पोचवणे अवघड झाले. त्यानंतर अनेक मोठ्या अ‍ॅपांनी ही सोय बंदच केली. भाडे खर्चाबाहेर जात असेल, तर कार्ड त्या अडचणीवर उपाय होत नाही. ती एक महिना पुढे ढकलली जाते आणि व्याजासकट परत येते.

आता लाइट बिल. याचा स्वभाव भाड्याच्या अगदी उलटा. रक्कम दर महिन्याला निराळी, घेणारी संस्था एकच आणि खूप मोठी, आणि ओळख नावावरून नव्हे तर ग्राहक क्रमांकावरून. महावितरणचा ग्राहक क्रमांक १२ आकडी असतो आणि सोबत चार आकडी बिलिंग युनिट, म्हणजे बिलावरचे 'बीयू'. मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटा यांचे क्रमांक आपापल्या पद्धतीचे.

तुम्ही कोणत्याही अ‍ॅपवर किंवा बँकेच्या साइटवर हा क्रमांक टाकता, तेव्हा मागे काय घडते? पूर्वी प्रत्येक अ‍ॅपला प्रत्येक वीज कंपनीशी स्वतंत्र करार करावा लागे. रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली उभ्या राहिलेल्या भारत बिल पेमेंट व्यवस्थेने ते बदलले. २०२४ पासून तिचे नाव 'भारत कनेक्ट' झाले. तुमच्या अ‍ॅपमागची संस्था तो क्रमांक मध्यवर्ती यंत्रणेकडे पाठवते, यंत्रणा तो वीज कंपनीच्या बाजूच्या संस्थेकडे देते, आणि त्याच वाटेने बिल परत येते: नाव, रक्कम, देय दिनांक. हे सगळे काही सेकंदांत होते. तुम्ही पैसे भरले की भरणा झाल्याचा निरोप याच रस्त्याने कंपनीकडे जातो आणि तुम्हाला एक संदर्भ क्रमांक मिळतो. पैसे कापले पण बिल थकीतच दिसत आहे, अशी वेळ आली तर तो क्रमांक टाकून ज्या अ‍ॅपवरून भरले तिथेच तक्रार करता येते. वीज कंपनीच्या कार्यालयात खेटे घालायची गरज पडत नाही.

या व्यवस्थेमुळे सातारला राहणाऱ्या आईवडिलांचे बिल मुलगी पुण्याहून भरू शकते. २०२२ साली परदेशातून येणाऱ्या पैशांनाही हा मार्ग खुला करण्यात आला, त्यामुळे मुलगी परदेशात असली तरी आईवडिलांच्या ग्राहक क्रमांकावरून बिल भरणे शक्य झाले. क्रमांक टाकल्यावर पडद्यावर येणारे नाव मात्र दर वेळी वाचावे. भाड्याच्या घरात ते नाव मालकाचे असते, आणि ते तसेच असायला हवे. भलतेच नाव दिसले तर कुठलातरी आकडा चुकला आहे.

महावितरणच्या बिलावर रकमा एकापेक्षा जास्त छापलेल्या असतात, आणि तिथे बरेच जण गोंधळतात. एक रक्कम लवकरच्या तारखेपर्यंत भरल्यास, एक देय दिनांकापर्यंत आणि एक त्यानंतर. लवकर भरल्यास वीज आकारावर साधारण १ टक्का सूट मिळते. डिजिटल भरण्याची पाव टक्क्याची सूट त्याहून वेगळी. उशीर झाला तर सव्वा टक्का अधिक. अडीच हजारांच्या बिलावर हा फरक पन्नास रुपयांच्या आसपासचा. वर्षाचा विचार केला तर ही रक्कम सहाशेच्या घरात जाते, आणि त्यासाठी कष्ट काहीच नाहीत: बिल आल्याचा मेसेज आला की त्याच आठवड्यात भरायचे. ज्यांना अजूनही केंद्रावर जाऊन रोख भरायची सवय आहे त्यांनी ध्यानात ठेवावे, की लघुदाब ग्राहकांना महिन्याला ५,००० रुपयांपर्यंतच रोख भरता येते. शेतीपंपांसाठी ही मर्यादा १०,००० आहे.

लाइट बिलाला ऑटोपे लावावे का? मी लावणार नाही, आणि कारण सांगतो. मीटरचे रीडिंग मिळाले नाही तर कंपनी सरासरी बिल देते, आणि पुढच्या महिन्यात खरे रीडिंग आले की फरक एकदम अंगावर येतो. कधी रीडिंगच चुकीचे घेतलेले असते. बिल हाताने भरायचे असले की आपण आकडा बघतो, मीटरशी ताडून पाहतो, चूक असेल तर पैसे जाण्याआधी तक्रार करतो. पैसे आपोआप गेले, की तक्रार परताव्याची होते, आणि परतावा बहुधा पुढच्या बिलांतून वळता होतो. त्यात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिली १०० युनिट, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत. मे महिन्यात रक्कम का फुगली हे कळायचे तर बिल वाचायलाच हवे. एकट्या वृद्ध माणसाच्या घरी, जिथे बिल विसरून वीज तुटण्याची भीती जास्त, तिथे मात्र ऑटोपे नक्की लावावे.

ते कसे चालते तेही पाहू. यूपीआय ऑटोपे २०२० मध्ये आले. परवानगी देताना कमाल रक्कम, किती दिवसांनी आणि कोणत्या तारखेपर्यंत हे ठरवावे लागते आणि पिन टाकून शिक्कामोर्तब करावे लागते. त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम पुन्हा न विचारता जाते. विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचे बिल यांना ही मर्यादा एक लाख आहे. पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी कळवणे बंधनकारक आहे, आणि तो मेसेज आल्यावर आपण नकार देऊ शकतो. तेव्हा तो मेसेज न वाचता पुसून टाकू नये. संपूर्ण व्यवस्थेतला आपला हक्क तिथेच आहे. कमाल रक्कम ठरवतानाही विचार हवा. नेहमीचे बिल १,८०० म्हणून मर्यादा २,००० ठेवली आणि उन्हाळ्यात बिल २,६०० आले, तर पैसे जातच नाहीत आणि आपण मात्र ते गेले असे समजून बसतो.

कर्जाचा हप्ता बहुधा 'नाच' (NACH) या दुसऱ्या व्यवस्थेतून जातो. तिथे खात्यात पैसे नसले तर आपली बँक दंड लावते आणि कर्ज देणारी संस्थाही लावते. शिवाय २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचे कलम २५ त्याला न वटलेल्या चेकसारखेच मानते. म्हणूनच भाड्याची तारीख ठरवताना हप्त्याची तारीख समोर ठेवावी. पगार १ तारखेला होत असेल तर भाडे ३ ला आणि हप्ता ५ ला, असा क्रम चांगला. जमत असेल तर घरखर्चाचे खातेच वेगळे करा: पगाराच्या दिवशी भाडे, मेंटेनन्स, हप्ता आणि बिलांचा अंदाज एवढी रक्कम त्यात वळवायची. उरलेल्या खात्यात जे दिसेल ते खर्चाला मोकळे. नवराबायको दोघे कमावते असतील तर ते संयुक्त खाते असावे, म्हणजे एकाचा फोन बंद पडला म्हणून घरातली वीज तुटत नाही.

सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये एकच गोष्ट सतत बिघडते. पैसे पोचतात, पण कोणाचे ते कळत नाही. आडनाव एकाचे, खाते सासऱ्यांचे, रक्कम सगळ्यांची सारखी. मग खजिनदार ती रक्कम अनामत म्हणून बाजूला टाकतात आणि तुमच्या नावावर थकबाकी चढत राहते. अनेक सोसायट्या उपविधींप्रमाणे वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावतात. शेऱ्यात विंग आणि फ्लॅट क्रमांक लिहिणे, एवढाच उपाय आहे. भाडेकरू असाल तर मेंटेनन्स कोण भरणार हे करारात स्पष्ट असावे, आणि बिनभोगवटा शुल्कही. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी मालकाकडून ते घेते. सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक ते घेता येत नाही. रास्त पाहता तो मालकाचा खर्च आहे.

मावशींच्या पगाराबद्दल मला थोडे आग्रहाने बोलायचे आहे. आपल्याला सोपे म्हणून आपण यूपीआय करतो, आणि 'नंबर सांगा' म्हटल्यावर त्या मुलाचा किंवा नवऱ्याचा नंबर सांगतात, कारण फोन त्यांच्याकडे असतो. महिनाभर कष्ट केलेल्या बाईच्या हातात मग पैसे येतातच असे नाही. म्हणून आधी विचारावे: 'मावशी, पैसे रोख हवेत की तुमच्या खात्यात?' त्यांचे स्वतःचे जनधन खाते असेल तर खाते क्रमांकावर थेट पाठवता येतात. पैसे घ्यायला स्मार्टफोन लागत नाही. रोख हवे असतील तर रोख द्यावेत आणि वहीत तारीख घालून त्यांची सही घ्यावी, एक पान त्यांच्याकडेही असू द्यावे. दूधवाल्याचे आणि पेपरवाल्याचे पैसे कसेही दिले तरी चालतात. खाडे मात्र कॅलेंडरवर मांडून ठेवावेत.

पैसे अडकले तर काय? रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार यूपीआयवर व्यक्तीला पाठवलेले पैसे खात्यातून कापले गेले पण समोर जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत यायला हवेत. दुकानदार किंवा बिल असेल तर पाच दिवसांत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने स्वतःहून द्यायची असते. म्हणून घाईघाईने दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. आधी व्यवहाराची स्थिती 'प्रलंबित' आहे की 'अयशस्वी' हे पाहा. बँकेने ३० दिवसांत तक्रार सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

फसवणुकीचा प्रकार वेगळा. 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा' असे मेसेज अजून येतात आणि शिकलेली माणसेही त्यात सापडतात. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रात्रीत वीज तोडण्याची धमकी देणारा मेसेज वीज कंपनीचा नसतो. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. चूक झालीच तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा, कारण पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी गोठवता आले तरच ते मिळण्याची आशा असते.

या सगळ्याची कसोटी लागते ती घर सोडताना. राहायला येताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढलेला असावा, तसाच तो चावी परत देण्याच्या दिवशीही काढावा, वीज आणि गॅस दोन्हींचा. शेवटचे बिल तुम्ही गेल्यानंतर येणार, तेव्हा त्याची अंदाजे रक्कम डिपॉझिटमधून वळती करायची की बिल आल्यावर तुम्ही भरायचे हे लिहून ठरवा. भाड्याची स्थायी सूचना रद्द करा. जुन्या घराचा ग्राहक क्रमांक अ‍ॅपमधून काढून टाका आणि त्यावर ऑटोपे लावलेले असेल तर ते आधी बंद करा. अ‍ॅप काढून टाकल्याने किंवा फोन बदलल्याने मँडेट रद्द होत नाही, ते यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपे यादीत जाऊन किंवा बँकेतूनच रद्द करावे लागते. इंटरनेटचे कनेक्शन तुमच्या नावावर असेल तर ते हलवा किंवा बंद करा, आणि राउटर परत केल्याची पोच घ्या. मग मालकांकडून दोन ओळी लिहून घ्या: अमुक तारखेपर्यंतचे भाडे आणि सर्व बिले मिळाली, काही येणे बाकी नाही, डिपॉझिट अमुक क्रमांकाच्या व्यवहाराने परत केले. त्याखाली तारीख आणि सही.